ग्रेड वनचं स्वयंपाकघर

मला वाटलं होतं, इंग्लंडहून पदवी घेऊन ओमानमधल्या सीबला परतले की आई आधी माझ्या प्रबंधाबद्दल विचारेल. तिकडच्या एका खेड्यातल्या जुन्या बेकरीच्या घराचा इतिहास मी दोन वर्षं उकरत होते. विमानतळावर आईने मला मिठी मारली, मागे सरकून नीट न्याहाळलं आणि विचारलं, "घरांचंच शिकलीस ना एवढं? मग तुंबलेलं सिंक कसं मोकळं करतात, तेही शिकवलं असेल."

शिकवलं नव्हतं. (सतराव्या शतकातल्या बेकरने शेजाऱ्याच्या बाजूला खिडकी का पाडली, हे मात्र मी झोपेतसुद्धा सांगू शकते. अजून कोणी विचारलेलं नाही.)

प्रश्न आमच्या स्वयंपाकघराचा होता. सीबच्या जुन्या सूकच्या बाजारामागे अर्बाब सादिक या ओमानी मालकाच्या घरात आम्ही माझ्या जन्माआधीपासून भाड्याने राहतो. ओटा इतका बुटका की आई स्वयंपाक करत नसून नमस्कार करत्येय असं वाटावं. वर हिरव्या सनमायकाचं कपाट, त्याचं दार नाडीने बांधलेलं. मागच्या गणपतीत ती नाडी सुटली आणि दार थेट मोदकांच्या सारणात उतरलं. म्हणून यंदा, २०१६ साली, आईने अर्बाबच्या मागे लागून शब्द मिळवला होता. गणपतीच्या आधी जुनं स्वयंपाकघर पाडायचं, नवं बांधायचं. शुक्रवारी तो शेवटचं बघायला येणार होता.

मी ठरवलं, आपण त्याला एकच प्रश्न विचारायचा. अभ्यासक म्हणून.

अर्बाब आला. अंगात पांढराशुभ्र, पायघोळ दिशदाशा, हातात काठी. काठीने त्याने ओटा, सिंक, कपाट, सगळ्यांना एकेक टपली मारली. "सब तोडेगा, सिस्टर. सब नया. यल्ला!"

आईचा चेहरा असा उजळला की मला खरं तर तिथेच गप्प बसायला हवं होतं.

"अर्बाब, ये कपाट किसने लगाया?"

तो थबकला. "मेरा बाबा," तो म्हणाला आणि सनमायकावरून हात फिरवू लागला. "ये हरा कलर बाबा को बहुत पसंद. बंबई से लाया. लाँच में, बेटी."

संपलं. म्हणजे मी सुरू झाले. इतिहास काय फक्त किल्ल्यांना असतो का? घराला असतो, कपाटाला असतो! इंग्लंडमध्ये अशी घरं 'लिस्टेड', म्हणजे सरकारच्या वारसायादीत असतात, साधी खिडकी बदलायची तरी परवानगी लागते. मी अभ्यासलेल्या घराची मालकीणबाई रोज तुळईवर डोकं आपटते, पण तुळई जिथल्या तिथे!

"लिस्टेड?" माझ्या बाबांनी पेपरातून डोकं काढलं. "शेअर काय भाव आहे?"

"बाबा! ते घर ग्रेड टू आहे. म्हणजे—"

"टू?" अर्बाब दुखावला. त्याला वाटलं, मी त्याच्याच घराला म्हणत्येय. "टू क्यों? मेरा चाचा का लडका मुनीर, निझवा में, उसका घर कौन सा ग्रेड?"

"मैंने देखा नहीं, लेकिन—"

"उसका टू. मेरा वन." त्याने माझ्या वतीने निकाल लावला. "वन में क्या तोड सकता?"

"कुछ भी नहीं!" मी विजयी स्वरात म्हणाले. (शिकलेल्या माणसाला ब्रेक नसतो.)

"खलास," अर्बाबने काठी टेकवली. "कुछ नहीं तोडेगा."

आईने हातातला ट्रे ओट्यावर आदळला.

संध्याकाळी अर्बाब चक्क मुनीरला घेऊन हजर झाला. मुनीर सिंकपाशी वाकला. सिंकने आतून गुडगुड असा आवाज काढला.

"ओरिजिनल?" त्याने विचारलं.

"ओरिजिनल," अर्बाब म्हणाला. मुनीरने नुकतंच घरभर चिनी ग्रॅनाइट बसवून घेतलं होतं. तो कहवा अर्धाच टाकून निघून गेला. अर्बाबला इतकं आनंदी मी कधी पाहिलं नव्हतं आणि आईला इतकं शांत.

जेवताना ती बोलली. "त्या इंग्लंडच्या बाईच्या कपाळाला टेंगूळ आलं, ते तिचं तिला लखलाभ. माझ्याकडे गणपतीला रुसैलपासून मस्कतपर्यंतची माणसं येतात, अंतरा. त्यांच्या पानात काय वाढू? इतिहास?"

"आई, मार्ग असतो. तज्ज्ञाने परवानगी दिली तर बदल करता येतात."

"मग उद्या सकाळी दे. तज्ज्ञ तूच आहेस ना?"

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताठ मानेने अर्बाबकडे गेले. हिरवं कपाट त्याने स्वतःच्या मजलिसमध्ये, पाहुण्यांच्या बैठकीत, लावावं. बाकी ओटा, सिंक यांना काडीचंही ऐतिहासिक महत्त्व नाही, असा मी तज्ज्ञाचा निर्वाळा दिला.

अर्बाबने बराच विचार केला. "ठीक. लेकिन बेटी, एक चीज तोडेगा, तो एक चीज वापस ओरिजिनल करेगा. बराबर?"

माझे डोळे भरून आले. माझा पहिला शिष्य! हे तत्त्व मला कळायला एक अख्खं सेमिस्टर लागलं होतं. "एकदम बराबर, अर्बाब!"

"तो तुम्हारा कमरा. बाहर का दरवाजा है न? बाबा के टाइम उसमें बकरी रहता था."

घरी येऊन मी हे सांगितलं. बाबांनी पेपर तोंडासमोर धरला. पेपर हलत होता.

"आई, माझी खोली गं! बकऱ्यांना!"

आईने एकदा सिंककडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. फार वेळ लागला नाही तिला.

तत्त्व म्हणजे तत्त्व. मी तिथल्या तिथे निर्णय घेतला: स्वयंपाकघर पाडायचं, खोली बकऱ्यांना द्यायची, मी हॉलमधल्या सोफ्यावर झोपायचं. आईनेही ताबडतोब होकार दिला. तिची अट एवढीच, की बकऱ्या बाहेरदेशी शिकून आलेल्या नकोत.