बिराजदार ग्राफिक्स कार्ड घेतात

बिराजदारांनी स्वतःच्या मुलीच्या साखरपुड्यात, फोटोवाला "अंगठी वर धरा" म्हणत असताना, खिशातून व्हर्नियर काढला आणि होणाऱ्या जावयाचं बोट मोजलं. व्हर्नियर म्हणजे केसाची जाडी मोजायचं ते पोलादी माप. मग अंगठी मोजली. मग सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पॉइंट आठनं ढिली हाय. परत पाठवा."

जावयाच्या आईला घाम फुटला. मी तर ताटातली जिलेबी तोंडात तशीच धरून बसलो. अहो, साखरपुड्याला हा माणूस खिशात व्हर्नियर घेऊन आला होता!

बिराजदार मोशीत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. मूळचे उदगीरकडचे, पण जन्म गेला चाकणच्या कंपन्यांत, बाहेरून आलेला माल तपासण्यात. माल चांगला असला की हिरवं स्टिकर, खराब असला की लाल. या दोन स्टिकरांवर त्यांचं जग चालतं. घरीसुद्धा. आमटी खारट झाली की पातेल्याला लाल स्टिकर. एकदा वहिनींनी चिडून यांच्याच पाठीवर लाल स्टिकर चिकटवलं, आणि ते घेऊन स्वारी कंपनीच्या बसला जाऊन उभी! माझ्या बायकोनं कौतुकानं पुरणपोळी पाठवली तर तिची जाडी तीन ठिकाणी मोजली आणि म्हणाले, "चवीला नंबर एक. पण एका बाजूला उतार हाय." बायकोनं त्यानंतर त्या घरात फोडणीची मिरचीसुद्धा पाठवलेली नाही.

तर अशा माणसानं एका गुरुवारी सकाळी माझी बेल वाजवली. गुरुवारी आमच्या पट्ट्यात कंपन्यांना सुट्टी.

"भाऊ, पिंपरीला यायलाव का? गिराफिक कार्ड घ्यायचंय."

मी हबकलोच. हा माणूस मोबाइलवर आलेला गुड मॉर्निंगचा फोटोसुद्धा दुसऱ्याकडून उघडून घेतो. "कशाला?" मी विचारलं.

"कॉम्प्युटरवर खेळायला."

आता माझ्या हादरण्याचं खरं कारण सांगतो. त्यांची एकुलती एक शिल्पा जर्मनीत, पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. पोरगी फोनवर रोज रडत होती, "आई-बाबा दोघं या." वहिनींचं तिकीट निघालं होतं. आणि बिराजदार? "मला रजा न्हाई." झालं! कंपनीत यांची रजा इतकी साठलेली की साहेब लोक हात जोडून म्हणतात, घ्या हो एकदाची. मुलगी परदेशी गेल्यापासून यांनी तिला प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं. आणि बापाला या वयात खेळ सुचत होता! माझ्या तोंडावर आलं होतं, पण शेजारधर्म आडवा आला. मुकाट्यानं स्कूटर काढली.

दुकानाचा शेठ बिचारा भला माणूस. त्यानं तीन खोकी मांडली. एक स्वस्तातलं, एक मधलं आणि एक इतकं दांडगं की मला वाटलं, हे बसवायला गवंडी बोलवावा लागेल. मला इतकंच समजलं, की पडद्यावरचं चित्र झरझर हलवायचं काम हे कार्ड करतं, आणि त्याला गरम होतं म्हणून त्याला स्वतःचे पंखे असतात.

"मधलं दाखवा," बिराजदार म्हणाले. "स्वस्तात घाण येती, महागात जाहिरात येती. माल मधल्या खोक्यात आसतो."

"मधल्यात दोन आहेत काका. एक लाल कंपनीचं, एक हिरव्या. पैशाच्या मानानं लालवालं भारी आहे, मेमरी जास्त—"

"लाल?" बिराजदारांनी हात मागे घेतला. "लाल आमच्याच्यानं घरात न्हेववत न्हाई."

शेठनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. त्याला कसं समजावणार, की हा माणूस उभा जन्म लाल दिसलं की माल परत पाठवत आलाय? शेठनं समजावलं, विनवलं, चहा मागवला. छे! चांगलंचुंगलं कार्ड निव्वळ खोक्याच्या रंगापायी बाद झालं. मग हिरव्याची लांबी व्हर्नियरनं मोजायला गेले, माप पुरेना, तेव्हा टेप काढली. टेपही खिशातच होती! त्यावर आणि म्हणतात, "ह्या लॉटमधले पाच नग फोडून दाखवा." शेठचा चहा सांडला.

शेवटी शेठनं कार्ड जोडून पडद्यावर लढाईचा खेळ लावला. धडाधड गोळ्या, धूर, आरडाओरडा.

"हे नको. इमान उतरवून दाखवा."

"बॉम्ब टाकायचं का काका?"

"माणसं बसतेत तसलं. उतरताना चित्राला झटका बसला की परत."

विमान उतरवलं. बिराजदार पडद्याला नाक लावून उभे. पुन्हा उतरवा म्हणाले. पुन्हा उतरवलं. पावसात उतरवा म्हणाले. शेठ हुशार, त्यानं पाऊसही पाडला. स्वस्तातलं कार्डही जोडून पाहिलं, ते पावसात अडखळलं, मधलं पठ्ठ्या सुरळीत उतरलं. तेव्हा कुठे बिराजदारांनी खिशातून हिरवं स्टिकर काढून खोक्यावर चिकटवलं. पैसे मागाहून दिले, स्टिकर आधी.

पुढच्या आठवड्यात वहिनी एकट्याच जर्मनीला गेल्या. आणि ऐका, हा गृहस्थ मुंबईला विमानतळापर्यंतसुद्धा गेला नाही! खाली गाडीत बॅग ठेवली, वहिनींना म्हणाला, "पोचलीस की फोन कर," आणि जिना चढून वर. थोड्या वेळानं घरातून विमानाची घरघर. सगळ्या सोसायटीनं तोंडात बोटं घातली. माझी बायको म्हणाली, "असला बाप कुणाला मिळू नये." मीही मान डोलावली.

त्यानंतरच्या गुरुवारी दुपारी मी ठरवलंच, आज चार शब्द सुनवायचेच. शेजारी झाला म्हणून काय झालं! दार नुसतं लोटलेलं होतं. आतून बाईचा गोड आवाज येत होता, कुर्सी की पेटी बाँध लें. मी दार ढकललं आणि उंबऱ्यातच थिजलो.

पडदे ओढलेले. बिराजदार इस्त्रीच्या शर्टात, पायात बूट, प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेले. पोटावरून खुर्चीला उपरणं आवळून बांधलेलं. मांडीवर डब्यात शेंगदाण्याची पोळी. मला वाटलं होतं, हा माणूस विमान चालवत असेल. चालवत नव्हते हो! पडद्यावर एका खिडकीतून दिसावा तसा विमानाचा पंख होता, खाली ढग होते, आणि आमचे बिराजदार प्रवासी म्हणून बसले होते. दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे गच्च धरलेले, कपाळावरून घामाच्या धारा.

"बिराजदारसाहेब! अहो, काय चाललंय काय हे?"

त्यांनी मान वळवली नाही. "बसा, भाऊ. बाजूची खुर्ची तुमचीच समजा. मोकळी आसली की लई भ्या वाटतंय."

मी बसलो. दुसरं काय करणार?

"मला इमानाचं भ्या हाय," ते हळूच म्हणाले. "कुणाला बोललो न्हाई. हिलाबी न्हाई. रजा न्हाई म्हणून सांगितलं."

"अहो, पण एवढी माणसं रोज—"

"माणसांना काय ठाव? मला ठाव हाय. महिनाअखेरीला गाडी भरायची आसती, माल कमी पडतो, मग साहेब येतो आन् म्हणतो, बिराजदार, एवढ्या बारी चालवून घ्या. म्या कधी न्हाई चालवून घेतलं. पण भाऊ, इमानात किती नग आसतेत? तेवढ्या सगळ्या नगांपाशी एक एक बिराजदार थोडाच बसलेला आसंल?"

त्यांनी एक हात सोडून कपाळ पुसलं आणि दांडा पुन्हा गच्च धरला.

"म्हणून सवय करायलो. शिल्पाच्या जुन्या कॉम्प्युटरवर आधी पंख तुटक तुटक हलायचा. मला वाटायचं, बोल्ट ढिला हाय. उठून पळायचो. शेठच्या माणसानं हे कार्ड बसवून दिल्यापून कसं सुरळीत हाय बगा. आता उतरतंवर बसवतंय."

पडद्यावर जमीन वर येऊ लागली. बिराजदारांनी माझं मनगट पकडलं. अगं आई गं, काय ती पकड! शेतं, रस्ते, घरांची लाल छपरं मोठी मोठी होत गेली आणि चाकं अलगद टेकली. त्यांनी डोळे उघडले, आणि तेव्हा मला कळलं की शेवटी शेवटी ते मिटलेले होते.

चार शब्द सुनवायला आलो होतो, एकही आठवेना. या माणसाला आपण काय काय बोललो, या विचारानं माझीच मला लाज वाटली.

"तिकीट काढलंय," ते उपरण्याची गाठ सोडत म्हणाले. "येत्या सोमवारचं. व्हिसा आधीच काढून ठिवलाय."

"अहो मग शिल्पाला कळवा की! पोरगी नाचेल."

"न्हाई न्हाई. तुमीबी बोलू नका." त्यांनी डब्यातली अर्धी पोळी मोडून माझ्या हातावर ठेवली. "समजा दारातनं माघारी फिरलो, तर? अवघडलेली लेक तिकडं इमानतळावर येऊन उभी ऱ्हाईल. सगळी माणसं बाहेर येतील आन् तिचा बाप तेवढा येनार न्हाई."

मी म्हटलं, "सोमवारी मुंबईपर्यंत मी येतो."

"आत सोडत न्हाईत, भाऊ, बिगरतिकिटाचं."

"नको सोडू दे. तुमचं विमान उडेपर्यंत मी बाहेर थांबतो. माघारी आलात, तर बरोबर घरी येऊ."

त्यांनी पोळीचा तुकडा तोंडात घातला, उपरणं पुन्हा पोटावरून घेतलं आणि मला म्हणाले, "जरा मागून गाठ मारा. घट्ट मारा."