तोंड फिरव, पासवर्ड आहे

टिपणीस काका लिफ्टमध्ये भेटले की नमस्कार करत नाहीत, प्रश्न विचारतात. आम्ही परदेशात, बेडोकच्या या ब्लॉकमध्ये राहायला आलो त्याच आठवड्यात त्यांनी माझ्या नवऱ्याला गाठलं. नाव नाही, गाव नाही, कुठल्या कंपनीत ते नाही. लिफ्टचं दार बंद झालं आणि काका म्हणाले, "तुझ्या बायकोला पहिलीत कोण बाई होत्या?"

संदीप पुण्याचा. त्याला कोणी प्रश्न विचारलेला आवडत नाही, आणि उत्तर येत नसेल तर मुळीच नाही. "काय संबंध?" तो म्हणाला.

"म्हणजे नाही माहीत," काका म्हणाले, आणि चक्क समाधानाने खाली उतरले.

ब्लॉकमधल्या प्रत्येक मराठी नवऱ्याची त्यांनी अशी परीक्षा घेतली आहे. बायकोच्या बाकावर कोण बसायची, माहेरच्या कुत्र्याचं नाव काय, लहानपणी ती कुठली भाजी ताटाखाली लपवायची. बायका हसतात. नवरे जिन्याने जायला लागलेत.

काका इथल्या शिपयार्डात ड्राफ्ट्समन म्हणून आले आणि इथलेच झाले. मुलगा निनाद इथेच, पुंगोल भागात वेगळा राहतो, वत्सलाकाकू गेल्या, काका एकटे. त्यांच्या जगात प्रत्येक गोष्टीची एक पद्धत आहे. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खालच्या खाण्याच्या टपऱ्यांवर, ते कोपी, म्हणजे इथली कॉफी, बशीत ओतून पितात. काउंटरवरचे चिनी आजोबा आता न सांगता त्यांच्यासाठी रिकामी बशी ठेवतात. "त्यालाही कळली पद्धत," काका म्हणतात.

दसऱ्यानंतरच्या रविवारी सकाळी त्यांनी आमची बेल वाजवली. केस विंचरलेले, शर्ट इस्त्रीचा, चेहरा मात्र उतरलेला.

"मनीषा, तू इंजिनियर ना? कॉम्प्युटर दारातच अडलाय. कीबोर्ड मेला, माऊस मेला. दुपारी निनाद येतोय. म्हणतो, बिघडलाच आहे तर भंगारात देतो, तुम्हाला टॅब्लेट आणतो."

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. "येत नाही" हे दोन शब्द मी परवडत नाहीत म्हणून लवकरच सोडले. आंग मो किओ भागातल्या कंपनीत मी रोज याहून मोठ्या मशीन उघडते. चप्पल घातली आणि गेले.

कॉम्प्युटर काकूंचा होता. मॉनिटरवर त्यांनी विणलेलं क्रोशाचं पांघरूण, माऊसला त्याच दोऱ्याची टोपी. पडद्यावर लॉगिनची पाटी, गोल चौकटीत काकूंचा फोटो, खाली पासवर्डची रिकामी जागा. बाण मध्येच गोठलेला. कळा दाबल्या, काही नाही. माऊस उलटा केला, पोटातला लाल दिवासुद्धा लागत नव्हता.

"निनादला विचारलंत?"

"विचारलं. म्हणाला, सेटिंग्जमध्ये जा आणि माऊसवर क्लिक करा. मी म्हटलं, कशाने करू, नाकाने?"

बंद करून चालू केला. तसाच. मग कीबोर्डची वायर बाहेर ओढली आणि हातातच धरून राहिले. टोकाच्या चकचकीत पत्र्यात लालभडक काहीतरी वाळून बसलं होतं. माऊसची वायर काढली. तिथेही तेच.

"काका, हे काय आहे?"

"गंध."

"कुठे लावलंत?"

"तोंडाला. खंडेनवमीला हत्यारं पुजायची पद्धत आहे. माझी ड्रॉइंगची पेटी पुजली, तिचं मशीन पुजलं. वायरी काढून पाटावर ठेवल्या, दसऱ्याला परत बसवल्या. एकीला लावून दुसरीला नाही, असं करता येत नाही."

मी टॉर्च मारून कॉम्प्युटरच्या भोकांत पाहिलं. आत अक्षता होत्या. एका भोकात दोन, शेजारच्यात एक तुटका दाणा. मी इतकी वर्षं मशीन उघडतेय. धूळ पाहिली, झुरळं पाहिली, एकदा पालीचं अंडं पाहिलं. हळदीकुंकू झालेला कॉम्प्युटर पाहिला नव्हता.

"हसू नकोस," काका म्हणाले. "चालेल का तेवढं सांग."

टूथपिकने अक्षता काढल्या. काकांनी त्या तळहातावर घेतल्या आणि देवापुढे ठेवून आले. वायरींची टोकं स्पिरिटच्या कापसाने पुसली, वाळू दिली, मागच्या कोऱ्या भोकांत बसवली. माऊसच्या पोटात लाल दिवा लागला. पडद्यावरचा बाण हलला.

काकांनी खुर्ची पुढे ओढली. मग माझ्याकडे पाहिलं. "तोंड फिरव. पासवर्ड आहे."

मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मागे एका बोटाने टक, टक, टक. बराच वेळ.

"चुकला," काका म्हणाले. आवाजात जराही आश्चर्य नव्हतं.

"परत टाका सावकाश."

"आता उद्या. रोज एकच टाकायचा. आंघोळ करून."

मला कळायला थोडा वेळ लागला. "काका, तुम्हाला पासवर्ड माहीतच नाही?"

"शोधतोय. ती गेली तेव्हापासून. तिच्या भावाला फोन करतो, माहेरच्या शेजारणीला करतो. कुत्र्याचं नाव टाकून झालं. बाकावरची मैत्रीण झाली. आज पहिलीच्या बाई टाकल्या. संसार झाला एवढा, आणि यातलं काही मला ठाऊक नव्हतं. म्हटलं, बाकीच्यांना ठाऊक असतं का बघावं. लिफ्टमध्ये विचारत सुटलो." ते जरासे हसले. "कोणालाच नसतं. तेवढाच धीर."

मी खाली बसले. मग माझ्यातली इंजिनियर बोलली. "एवढंच ना? दुसऱ्या वाटेने अर्ध्या तासात उघडून देते. पासवर्ड लागतच नाही."

काकांनी कीबोर्डवर हात आडवा धरला. "नको. कुलूप फोडायची पद्धत नाही. आणि तिने सांगून ठेवलंय, ते बघ की."

पासवर्ड चुकला की आठवण म्हणून एक ओळ येते, आपणच कधीतरी लिहून ठेवलेली. काकूंनी ती इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिली होती. मी वाचली. परत वाचली.

ह्यांना विचारा.

दार वाजलं. निनाद टॅब्लेटची पिशवी घेऊन आत आला. "बाबा, धिस वन स्पॉइल ऑलरेडी लाह, आय टोल्ड यू," असं इथल्या इंग्रजीत म्हणत पुढे झाला, पडद्यावर आईचा फोटो पाहून थांबला, आणि खालची ओळ त्याने ओठ हलवत वाचली.

"ही लाईन कधीपासून आहे?"

"पहिल्यापासून."

"मला का नाही सांगितलंत?"

"तूही दुसऱ्या वाटेने उघडला असतास."

निनादने पिशवी खुर्चीखाली सरकवली. मग म्हणाला, "आईला कारल्याचं भरीत आवडायचं. ट्राय केलंत?"

"कारल्याचं भरीत होत नाही रे. वांग्याचं होतं," काका म्हणाले. "पण उद्या टाकतो."

घरी येऊन मी संदीपला सगळं सांगितलं. रात्री जेवताना तो एकदम म्हणाला, "तुझ्या पहिलीच्या बाई कोण गं?" लग्नानंतर पहिल्यांदाच हे कोणीतरी विचारत होतं. सोनुने बाई, मी सांगितलं. पोरीला शाळेतून काढू नका म्हणून त्या माझ्या बापाशी शेताच्या बांधावर भांडल्या होत्या. संदीपने ते नाव हळूच दोनदा म्हणून पाहिलं.

सकाळी लिफ्टमध्ये काका होते. केस ओले, विंचरलेले. संदीपने त्यांना विचारू दिलंच नाही.

"सोनुने बाई."

काकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली. लिफ्ट खाली पोचली तरी ते बाहेर पडेनात.

"आता पाठ करून ठेव," ते संदीपला म्हणाले. "पुढे माझ्यासारखा कोणाकोणाला विचारत फिरशील?"