मूळ प्रमाणपत्रं सोबत आणावीत

बायोडेटातून जुनी सर्टिफिकेटं काढायची की ठेवायची, एवढाच प्रश्न होता. पण आमच्या घरात एवढ्याशा प्रश्नावरूनही स्वयंपाकघरातली भांडी जरा जास्तच वाजतात.

झालं असं, की आमच्या कंपनीने गाशा गुंडाळला आणि मी, कॉम्प्युटरचं नेटवर्क सांभाळणारा पन्नाशीचा गृहस्थ, घरी बसलो. घर बायकोच्या पगारावर चाललं होतं. ती एका शब्दाने बोलली नाही आणि तेच मला लागत होतं. (बोलली असती तर निदान भांडता आलं असतं.) नोकरी हवी होती, आणि लवकर हवी होती.

"बाबा, ही सॉफ्टवेअरं बनवणाऱ्यांनाही आता आठवत नसतील," आमचं कन्यारत्न म्हणालं. "काढून टाका ती सर्टिफिकेटं. वय कळतं त्यांच्यावरून."

"वय तोंडावरूनही कळतंच की. तेही काढून ठेवू?"

"राहू देत ती," बायको मध्ये पडली. "मर मर मरून अभ्यास केलाय तुम्ही. फक्त खरं काय ते लिहा. जुनी आहेत, मुदत संपलीय."

तसंच लिहिलं. आणि काय सांगू, एका कंपनीचं बोलावणं आलं. खाली सूचना होती: मूळ प्रमाणपत्रं सोबत आणावीत.

इथे गाडी अडली. मूळ प्रमाणपत्रं हॉलच्या भिंतीवर, फ्रेममध्ये होती. आतला कागद हलू नये म्हणून मी स्वतःच्या हाताने ती मागच्या पुठ्ठ्याला डिंकाने चिकटवली होती. (मी कुठलंही काम अर्धवट करत नाही. बिघडवलं तरी पूर्ण बिघडवतो.) एक ओढून पाहिलं, तर कोपराच हातात आला. मग फ्रेमसकटच न्यायचं ठरलं. बायकोने चादरीत गाठोडं बांधून दिलं.

"हल्ली इंटरव्ह्यूत काहीही कामं सांगतात," कन्येने निघताना बजावलं. "का म्हणून विचारत बसू नका. हसत हसत करा."

कंपनीच्या दारात रखवालदाराने गाठोड्याकडे पाहिलं आणि सामानाची लिफ्ट मागच्या बाजूला असल्याचं सांगितलं. मी हसत हसत मागे गेलो. वर ऑफिस सांभाळणाऱ्या बाई माझी वाटच बघत होत्या.

"आलात एकदाचे! या भिंतीवर लावा. सरळ रेषेत हं," म्हणत त्यांनी माझ्या हातात हातोडी आणि खिळ्यांचा डबा दिला, आणि त्या निघून गेल्या.

हीच ती परीक्षा, मी ओळखलं. कोट काढला, खुर्चीवर चढलो आणि दोरी धरून रेघ आखली. काही खिळे वाकले, एक घाव अंगठ्यावर बसला, पण चेहऱ्यावरचं हसू मी ढळू दिलं नाही.

शेवटची फ्रेम लावत होतो तोच दार उघडलं आणि इंटरव्ह्यू घेणारी मंडळी आत आली. पुढे विभागप्रमुख बाई. आमच्या मुलीची थोरली बहीण शोभल्या असत्या.

"इथे समुद्राची चित्रं लागणार होती ना?" त्या म्हणाल्या. "हे कोण आहेत?"

भिंतीवरच्या सर्टिफिकेटांवर चिकटवलेल्या फोटोतून, डोक्यावर केसांचं रान असलेला एक तरुण त्यांच्याकडे बघत होता.

"मीच," मी खुर्चीवरूनच म्हणालो. "इंटरव्ह्यूला आलोय."

मागच्या दोघांनी घाईघाईने रुमाल तोंडाला लावले. बाई मात्र एकेक फ्रेम वाचत गेल्या. "यातलं आज काय उपयोगाचं आहे?" त्यांनी विचारलं.

माझे कान तापले. घरी वाट बघणारी बायको डोळ्यांपुढे आली. पण थापा मारणं मला कधी जमलेलं नाही.

"काहीच नाही," मी म्हणालो. "हे शिकलो, ते बंद पडलं. पुढचं शिकलो, तेही बंद पडलं. दर वेळी वाटायचं, आता आपलं काही खरं नाही. पण शिकायला बसलो की मजाच यायची. तुमचं नवं जे असेल तेही शिकेन. तेही बंद पडेलच, पण तेव्हा मी घाबरणार नाही. सवय आहे."

"आमचं सगळं नेटवर्क बदलायचंय, आणि माझी निम्मी माणसं आत्तापासूनच घाबरलीत," त्या म्हणाल्या. "खाली उतरा. बसून बोलू."

पुष्कळ विचारलं. आलं ते सांगितलं, नाही आलं ते नाही म्हणालो. (बाहेर तोवर खऱ्या फ्रेमवाल्याला सोफ्यावर बसवून चहा दिला होता, आणि "आपला अनुभव किती वर्षांचा?" असं विचारणं चाललं होतं.)

नोकरी लागली. फोन आला तेव्हा बायकोने डोळे पुसले आणि "चादर परत आणा," एवढंच म्हणाली. मला मात्र गच्चीवर जाऊन ओरडावंसं वाटत होतं.

फ्रेम बाईंनी तिथेच राहू दिल्या. नवीन मुलांना धीर येतो म्हणे. मीही येता-जाता छाती फुगवून तिथूनच जातो. परवा बाहेरगावचे एक पाहुणे त्या भिंतीपुढे मान खाली घालून उभे होते.

"फार हुशार माणूस असणार," ते मला हळू आवाजात म्हणाले. "कधी वारले?"

"अहो, तो मीच."

त्यांनी फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बराच आजार काढलात हो तुम्ही."