तुमच्यानंतर कोण?

मंडळाला वळण लावणं म्हणजे भाऊच्या हातचा मळ होता. निदान बायकोला तरी तो असंच सांगे. बिस्किटांच्या कारखान्याचा नियोजन विभाग सांभाळून तो निवृत्त झाला होता. मैदा कधी येणार हे ज्याला मैद्याच्या आधी ठाऊक असे, त्याच्यापुढे चार म्हाताऱ्यांचं मंडळ ते काय!

मंडळ त्याच्या थोरल्या बहिणीचं. सगळे तिला आक्का म्हणत, म्हणून हा सगळ्यांचा भाऊ. एका इमारतीच्या तळमजल्यावर दोन खोल्या होत्या. तिथून आजारी माणसांना वॉकर, कुबड्या, चाकांच्या खुर्च्या फुकट वापरायला द्यायच्या आणि बरं वाटलं की परत घ्यायच्या, एवढंच काम. कुणाला पगार नाही, कशाला नियम नाही. कुणी काय करायचं ते आक्का सकाळी दारात उभी राहून सांगे आणि दिवस पार पडे. पण आता तिचे गुडघे बोलू लागले होते. येत्या वार्षिक सभेत अध्यक्षपद सोडणार, असं तिने जाहीर करून टाकलं होतं. कुणाला देणार, याबद्दल मात्र तिने चकार शब्द काढला नव्हता.

ते आपल्याला मिळावं, असं भाऊला फार वाटे. मानासाठी नव्हे. आक्काने उभं केलेलं काम आपल्या हातून पुढे जावं, ही त्याची मनापासूनची इच्छा होती. पण जिच्या एका नजरेने आजही त्याचा सदरा आपोआप खोचला जाई, त्या बहिणीला ‘तुझ्यानंतर कोण?’ हे विचारायचं कसं? जीभच रेटत नव्हती.

मग त्याने शक्कल काढली. संस्थेची घडी बसवायची तर प्रत्येक कामाला पुढचा माणूस हेरून ठेवायलाच हवा. तेव्हा हा प्रश्न सगळ्यांनाच विचारायचा. विचारता विचारता ओघाने आक्काची पाळी येईल आणि तिला वाईट वाटायचं कारण उरणार नाही. एका माणसाला एक प्रश्न विचारायला नको, म्हणून गडी सगळ्या मंडळाला विचारायला निघाला!

पहिली पाळी सुतारकाकांची. मोडके वॉकर दुरुस्त करणं हे त्यांचं काम. ते एका पायाला रबर बसवत होते, तेवढ्यात भाऊ गंभीर चेहऱ्याने शेजारी येऊन बसला.

“काका, तुमच्यानंतर कोण?”

काकांच्या हातातलं रबर गळून पडलं. भाऊची सून डॉक्टर, आणि काका नेमके आदल्याच आठवड्यात तिच्याकडे खोकला दाखवून आले होते.

“सूनबाई काही बोलल्या का?” त्यांनी हळूच विचारलं.

भाऊला वाटलं, आपल्या योजनेबद्दलच विचारताहेत. “बोलली ना. तिच्या मते खरं तर उशीरच झालाय. तशी घाई नाही काका, पण वर्ष संपायच्या आत काय ते ठरलेलं बरं. घरच्यांनाही कल्पना देऊन ठेवा.”

काका मुकाट्याने उठून घरी गेले. किती समजूतदार माणूस, असं म्हणत भाऊने पुढे मोर्चा वळवला.

फोन घ्यायला एक निवृत्त मुख्याध्यापिका बसत. त्या बाईंना मरणाचा नाही, हकालपट्टीचा संशय आला. मी नको झाले असेन तर तोंडावर सांगा, असं सुनावून त्या फोनला आणखीच चिकटून बसल्या. मग ज्याचा फोन येईल त्याला थंड आवाजात सांगू लागल्या, की आज आहोत, उद्याचं काही खरं नाही, आमच्यानंतरची तयारी चालू आहे.

बातमीला पाय फुटले. मंडळ बंद पडतंय, हे भाऊ सोडून सगळ्यांना कळलं. माणसं भली. कुणाची वस्तू अंगावर राहायला नको, म्हणून जो तो नेलेलं परत करायला धावला. बघता बघता दोन्ही खोल्या भरल्या, जिना भरला, चाकांच्या खुर्च्या फुटपाथवर रांगेत उभ्या राहिल्या. एक आजोबा वॉकर परत करायला त्याच वॉकरच्या आधाराने चालत आले. तो देऊन झाल्यावर घरी जायचं कसं हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते पायरीवर बसून राहिले.

भाऊ त्यांची समजूत घालत होता, तोच सुतारकाका आले. बरोबर परगावाहून रडत आलेली त्यांची मुलगी होती आणि सगळा उलगडा करून कपाळाला हात लावलेली भाऊची सून. काकांना साधा खोकला झाला होता आणि तो बराही झाला होता. काकांना मात्र याचा काडीचा आनंद दिसत नव्हता.

“हत्यारं वाटून टाकली, ती आणीन मागून,” ते म्हणाले. “पण धाकट्या भावाशी बारा वर्षं बोलत नव्हतो, त्याच्या दारात जाऊन माफी मागून आलो. जगणार आहे हे माहीत असतं तर कशाला मागितली असती?”

मंडळात पुन्हा पाऊल टाकणार नाही, असं सांगून ते निघून गेले. त्यांच्या पाठोपाठ बाईंनीही पर्स उचलली. भाऊला आता रडू यायचंच बाकी होतं. चांगली चालती संस्था आपण आठवड्याच्या आत आडवी केली, हे त्याला स्वच्छ दिसत होतं आणि फार वाईट वाटत होतं.

आक्का आली. तिने आधी आजोबांचा वॉकर शोधून त्यांच्या हाती दिला, त्यांना वाटेला लावलं आणि मग ती स्वतः पायरीवर टेकली. भाऊने खाली मान घालून सगळं सांगितलं. कशासाठी केलं, तेही सांगितलं.

“म्हणजे हा सगळा उपद्व्याप मला विचारायला लागू नये म्हणून?”

“तुला कसं विचारणार, आक्का? वाईट वाटलं असतं तुला.”

“वाटलं असतं थोडं. पण उत्तर दिलं असतं की.” आक्का फुटपाथवरच्या खुर्च्यांकडे बघत राहिली. “माझ्यानंतर तूच, असंच मी धरून चालले होते रे.”

भाऊचा चेहरा उजळला. मग त्यातलं ‘होते’ त्याच्या ध्यानात आलं.

“आणि आता?”

आक्का उठू लागली, तसा भाऊने घाईघाईने खांदा पुढे केला. आक्काने शेजारच्या ढिगातला एक वॉकर ओढून घेतला आणि तो धरून चालू लागली.