इनामदारकाकांची रिकामी जागा

दिल्लीत आमच्या मयूर विहारच्या सोसायटीत नवं बिऱ्हाड आलं, की बाकीचे लोक गाव विचारतात, नोकरी विचारतात. समोरच्या फ्लॅटमधले इनामदारकाका विचारतात, "मुलं कुठल्या शाळेत? सरकारी, अनुदानित की खासगी?" उत्तर मिळेपर्यंत लिफ्टचं दार सोडत नाहीत. एका नव्यानं लग्न झालेल्या जोडप्यालाही त्यांनी असंच अडवलं होतं. "मुलं नाहीत? हरकत नाही. पण ठरवून ठेवा."

काका मूळचे सोलापूरचे. केंद्र सरकारच्या नोकरीत जन्मभर शाळांच्या अनुदानाच्या फायली हाताळल्या. नोकरी संपली, फायली डोक्यातच राहिल्या. 'खासगी शाळा' हे शब्द त्यांच्यापुढे उच्चारायची सोय नाही. "कसली खासगी? जमीन कुणाची? सरकारनं सवलतीत दिलेली! बिल्कुल जनतेचा पैसा आहे तो, फक्त टाय लावलेला."

माझ्या मीराच्या नर्सरी प्रवेशाच्या वेळी, कागदपत्रांतले जाणकार म्हणून मी त्यांना सोबत नेलं. शाळेत घोडेस्वारी होती, तरणतलाव होता. मुख्याध्यापिकाबाई सगळं कौतुकानं दाखवत होत्या आणि काका चक्क गप्प होते. मी निर्धास्त झाले. तेवढ्यात तबेल्यापाशी ते थांबले.

"मॅडम, घोड़े तो पूरे भर लिए. गरीब बच्चों की सीटें भरीं?"

"आप बच्ची के कौन हैं?"

"जी, मैं जनता हूँ."

मीराला दुसऱ्या शाळेत प्रवेश घ्यावा लागला. काकांना त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही. "ही घराजवळ पडते की," म्हणाले.

त्यांचा सगळा जीव होता पहाडगंजमधल्या एका मराठी शाळेवर. शाळा अनुदानित, म्हणजे चालवणार संस्था, आणि शिक्षकांचे पगार बहुतांशी सरकार देणार. जुलेखाकाकू, काकांच्या पत्नी, तिथे मराठी शिकवायच्या. त्या निवृत्त झाल्या, पुढे वारल्या. त्यांची जागा मात्र रिकामीच राहिली. ती भरावी म्हणून काका शिक्षण खात्याच्या कचेरीत इतके खेटे घालायचे, की तिथल्या नव्या शिपायानं एकदा त्यांनाच 'आज जल्दी आ गए, सर' म्हणून सलाम ठोकला.

मागच्या हिवाळ्यात एक अधिकारी शाळा पाहायला येणार होते. काकांचा गुडघा धरला होता, म्हणून गाडी मी काढली. वर्गात सोनं गाळणाऱ्या सांगलीकडच्या कुटुंबांची मुलं होती, काही बिहारची, काही गढवालची. आम्ही आत शिरलो आणि सगळी मुलं उभी राहून ओरडली, "नमस्ते, इनामदार सर!"

मी बघतच राहिले. काका रोज सकाळी डबा घेऊन निघायचे, ते कचेरीत जातात असं आम्ही समजत होतो. ते काकूंच्या वर्गावर जात होते. बिनपगारी.

थोड्या वेळानं अधिकारी आले. त्यांनी एका मुलीला उभं केलं. तिनं धडा खणखणीत वाचून दाखवला. ते खूश झाले.

"वाह! इनामदारजी, जब आप पढ़ा ही रहे हैं, तो पोस्ट की क्या ज़रूरत है?"

काकांनी हातातला खडू टेबलावर ठेवला.

"तो कल से नहीं पढ़ाऊँगा. लिख लीजिए, इस क्लास में मराठी का टीचर नहीं है."

परत येताना मी गाडीत त्यांच्याशी भांडले. "काका, त्या पोरांचं काय?"

"मी किती वर्षं पुरणार, पोरी? फुकट शिकवणारा म्हातारा मिळाला, की सरकार सुटलं. मुलांना शिक्षक हक्कानं मिळाला पाहिजे, माझ्या मेहेरबानीनं नाही."

आणि ते खरंच गेले नाहीत. कचेरीत जायचे, भांडायचे, पण शाळेच्या गल्लीत पाऊल टाकायचे नाहीत. मुलांचे फोन यायचे. "सर, कधी येणार?" काका म्हणायचे, "नवीन बाई येणार आहेत, चांगल्या." फोन ठेवला, की बराच वेळ बाल्कनीत उभे राहायचे.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर खरंच बाई आल्या. नागपूरची तरुण मुलगी, मुनिरकात खोली घेऊन राहणारी. काकांनी सोसायटीभर पेढे वाटले. "घ्या, पेन्शनचे आहेत, म्हणजे सरकारीच!" त्या दिवशी त्यांचा आवाज गेटपर्यंत ऐकू येत होता.

पुढच्याच आठवड्यात संध्याकाळी बेल वाजली. दारात काका. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन.

"अंकल, मम्मा मीटिंगमध्ये आहे. आप बैठो ना," मीरा म्हणाली.

"बाळ, उंबरठा म्हणजे काय?"

मीरानं वळून माझ्याकडे पाहिलं. मी लॅपटॉप मिटून उठले.

"बघ, हिला येत नाही," काका मला म्हणाले. "रोज थोडा वेळ पाठवशील माझ्याकडे? शिकवेन." मग आवाज उतरला. "दिवसभर मराठीत बोलायला कुणी नसतं गं घरात."

"पाठवते की, काका. कधीपासून?"

"आत्ताही चालेल," ते घाईघाईनं म्हणाले.

मीरा चपला शोधू लागली. त्या सापडेपर्यंत काका तिच्यासाठी लिफ्टजवळचा दिवा लावून, आपलं दार सताड उघडून उभे होते.