अण्णांची रंगीत तालीम

अण्णा चौगुल्यांना बोट लागली ती सांगलीत, स्वतःच्या पडवीत, झोपाळ्यावर. समुद्र तिथून शंभरएक मैल लांब होता. आणि झोके देत होतो मी.

"आडवे द्या मास्तर, आडवे! बोट काय पाळण्यासारखी हलते होय?" असं ते ओरडत होते. हातात ताट, ताटात वांग्याची भाजी आणि भाजीत खुपसलेला साहेबी काटा. तिसऱ्या दिवशी त्यांना भडभडून उलटी झाली. मला वाटलं, सुटलो, आता तरी खूळ उतरेल. तर तोंड धुऊन हा माणूस खूश! "बरं झालं, इथंच उरकलं. आता तिथं व्हायची नाही."

आम्ही दोघं एकाच तांत्रिक शाळेत होतो. मी ड्रॉइंग शिकवायचो, ते लेथवर पोरांचे हात बसवायचे. घरंही भिंतीला भिंत लागून. लेथवर अण्णांसारखा हात अख्ख्या सांगलीत नव्हता. पण सांगलीत राहून नाटकाचं वारं लागणार नाही असं कसं होईल? अण्णांना लागलं ते प्रॉम्प्टर म्हणून. वीस वर्षं विंगेत पुस्तक घेऊन उभं राहिल्यामुळं त्यांना दोन सवयी जडल्या होत्या. समोरच्याचं पुढचं वाक्य आपणच हळूच सांगायचं, आणि तालमीशिवाय काहीही करायचं नाही. "आधी तालीम!" हे त्यांचं पालुपद. दाढ काढायला जायच्या आदल्या दिवशी ते माझ्यापुढं तासभर आ करून बसले होते. अडतिशी आली तरी लग्न नव्हतं. का, तर म्हणे त्याची रंगीत तालीम कुणी करू देत नाही.

असल्या माणसाला शाळेनं युरोपात पाठवायचं ठरवलं! स्वातंत्र्य मिळून दोनेक वर्षं झाली होती. स्वित्झर्लंडमध्ये यंत्रांच्या एका मोठ्या कारखान्यात आठ आठवड्यांचा उन्हाळी वर्ग निघाला होता. तिथं पहिल्या श्रेणीत आलात की परतल्यावर वर्कशॉपचे मुख्य, असं हेडमास्तरांनी सांगून टाकलं. ती खुर्ची अण्णांनी कित्येक वर्षं मनात धरलेली. त्यांची झोप उडाली आणि भिंतीपलीकडं माझीही. वैशाखात ते दोन घोंगड्या पांघरून बसायचे. मी म्हणालो, "अहो, तिथंही उन्हाळाच आहे." तर म्हणाले, "त्यांचा उन्हाळा तो, मास्तर! त्याचा काय भरवसा?"

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. खरी काळजी होती ती आक्कांची, म्हणजे अण्णांच्या आईची.

घर जैनांचं. आक्का दिवसातून एकदाच जेवायच्या, तेही दिवस बुडायच्या आत. त्यावर त्यांचा स्वतःचा आणखी एक नेम होता. भूपाल जेवल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही. भूपाल म्हणजे आमचे अण्णा. ते सात वर्षांचे असताना तापाच्या साथीत घरातली चार माणसं गेली आणि हे कसेबसे वाचले. आठव्या दिवशी यांनी वाटीभर पेज प्यायली, मग आक्का जेवल्या. तेव्हापासूनचा हा नेम. अण्णा रोज दुपारी बाराला शाळेतून घरी येऊन जेवत आणि मग आक्का बसत. तीस वर्षांत त्यात खंड नव्हता.

"बोटीचे दिवस धरून तीन महिने, आईचं कसं व्हायचं, मास्तर?" अण्णांनी विचारलं आणि माझं उत्तरही स्वतःच सांगितलं. "तालीम घ्या, म्हणा."

तालीम ठरली साताऱ्याला. तिथं त्यांची बहीण दिली होती. अण्णा तीन दिवस तिच्याकडं राहणार आणि मी इथं आक्कांकडं बघणार. पहिल्या दिवशी दुपारी दोन वाजता मी गेलो, तर चूल विझलेली आणि आक्का उंबऱ्यात.

"आक्का, जेवलात?"

"त्यो जेवला का न्हाई, तुमी बघितलं काय?"

"अहो, सख्ख्या बहिणीकडं गेलेत. ती उपाशी ठेवेल होय?"

"बघितल्याबिगर कसं म्हनायचं?"

मी धावत जाऊन साताऱ्याला तार केली, जेवलात का ते ताबडतोब कळवा. तारेचा बाबू माझ्याकडं बघत राहिला. उत्तर आलं तोवर दिवस बुडाला होता आणि आक्का तशाच निजल्या. दुसऱ्या दिवशी अण्णा पहिल्या मोटारीनं परत आले. चेहरा पांढराफटक. "नाटक पडलं," एवढंच म्हणाले.

जायचा बेत रद्द होतो की काय असं मला वाटायला लागलं. पण रात्रभर अण्णांनी आकडेमोड केली. तिथलं घड्याळ आपल्यामागं साडेचार तास. छापील वेळापत्रकात जेवणाची सुट्टी बाराची. सकाळी ते आईपुढं बसले. "आई, मी तिथं रोज बाराच्या ठोक्याला जेवणार. तेव्हा तुझे साडेचार वाजतील. बोटीवरही तुझ्या साडेचारलाच जेवेन. तू पाचला बस. दिवस बुडायला वेळ असतो."

आक्कांनी विचारलं, "चुकायचं न्हाईस?"

"तुझी शपथ."

या हिशेबाची तालीमही साताऱ्याला झाली आणि ती पार पडली. मग पेटीत महिनोन्महिने टिकणाऱ्या कडक भाकरी आणि मेतकुटाचा डबा भरून अण्णा निघाले. सांगली स्टेशनावर आक्का एक शब्द बोलेनात. अण्णाच डब्यातून वाकून त्यांच्या कानाशी पुटपुटत होते, "पत्र टाक, म्हण. जपून राहा, म्हण." आक्का नुसत्या मान हलवत होत्या. गाडी हलली तेव्हा दोघांची अवस्था बघवत नव्हती, आणि माझीही काही बरी नव्हती.

पुढं बारा आठवडे माझं एकच काम. अण्णांनी माझ्या घड्याळाला पाचचा गजर लावून दिला होता. तो वाजला की मी भिंतीपाशी जाऊन हाक मारायची, "आक्का, पाच!" पलीकडून उत्तर यायचं, "व्हय, व्हय, ताट वाढलंया." मी निर्धास्त. अण्णांची पत्रं यायची. त्यात ना बर्फाचे डोंगर, ना आगगाड्या. लेथबद्दल दोन ओळी आणि मग, "आई पाचला जेवते ना? खरं कळवा." मी दर पत्री लिहायचो, आक्का रोज पाचला जेवतात, कामाकडं लक्ष द्या.

अण्णा परतले ते वाळून. आक्काही वाळल्या होत्या, पण त्याचं खापर मी वयावर फोडलं. सर्टिफिकेट इंग्रजीत होतं. हेडमास्तरांनी वाचलं, चष्मा काढला आणि माझ्याकडं सरकवलं. दुसरी श्रेणी! खाली शेरा होता. हात उत्तम, काम अचूक, परंतु हा गृहस्थ रोज बाराच्या ठोक्याला चालू मशीन बंद करून निघून जातो आणि कारण विचारल्यास सांगत नाही.

वर्कशॉपची खुर्ची कोल्हापूरकडच्या एका गृहस्थाला मिळाली. मला राग आवरेना. अण्णांना कोपऱ्यात गाठलं. "काय हो हे? मशीन सोडून कुठं जात होता?"

"जेवायला," अण्णा म्हणाले. "तिथं गेल्यावर कळलं, वेळापत्रक बदललं होतं. सुट्टी एकची. म्हणजे आपल्याकडचे साडेपाच. आई पाचला बसणार आणि मी तोवर उपाशी! तिचा नेम मोडायचा, तोही माझ्यामुळं, आणि तिला पत्ता नाही. मग बाराला उठायचो. जिन्याखाली उभ्यानंच भाकरी खायचो."

"मग पत्र टाकायचं, पाचऐवजी सहाला बसा म्हणून!"

"पत्र पोचायला आठ-दहा दिवस. तोवर बाराला जेवलो असं लिहिलं तरी ते दिवस चुकीचेच गेले समजून तिनं उपास धरले असते. मी ओळखतो तिला."

"निदान तिथल्या साहेबाला तरी सांगायचं!"

अण्णा ओशाळले. "माझी आई जेवायची थांबलीय, हे इंग्रजीत कसं सांगतात हो? त्या वाक्याची तालीमच केली नव्हती." मग माझा हात धरून म्हणाले, "आईला बोलू नका. आपल्यापायी पोराची खुर्ची गेली म्हणून झुरेल."

मी शब्द दिला. पण राहवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का भाकरी थापत होत्या. सहज म्हणालो, "आक्का, तीन महिने तुम्ही पाचची वेळ काही चुकवली नाहीत."

आक्कांचा हात परातीतच थांबला. "मास्तर, तुमास्नी म्हनून सांगते. ताट पाचला वाढायची, खरं. पर घास उतरायचा न्हाई. परका मुलूख. येखाद्या दिशी काम लांबलं असंल, सायबानं थांबवलं असंल. म्हटलं, आपन वाईच दम धरावा. दिस हातभर ऱ्हायला की मग बसायची."

"आणि आभाळ आल्यावर? आषाढ-श्रावणात दिवस दिसतो कुठं?"

"मग कुठलं जेवन? दिस बुडाला का ऱ्हायला, कसं कळावं? तसंच निजायचं."

"असे किती दिवस गेले, आक्का?"

"ते काय मोजत बसायचं?" त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "भूपालला बोलू नगा हां. त्येच्या जिवाला लय लागंल."

मी मान हलवली. अण्णा जिन्याखाली घाईघाईनं घास कोंबत होते, आक्का भरल्या ताटापुढं दम धरून बसत होत्या, आणि मधे मी शहाणा 'आक्का पाचला जेवतात' म्हणून पत्रं लिहीत होतो. मला माझीच लाज वाटली.

बाराला अण्णा घरी आले. भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला, तोंडात घास असतानाच, "आई, जेवलो बघ! बस आता."

"आनि येक घे. मग बसते."

वीस वर्षं हा माणूस सगळ्यांना वाक्यं सांगत आला. आज दोघांचंही वाक्य माझ्या ओठांवर होतं आणि दोघांनाही मी न बोलण्याचं कबूल केलं होतं. मी उठलो, भिंतीपाशी गेलो, उभा राहिलो. पलीकडं पाट सरकल्याचा आवाज आला. आक्का बसल्या. मग मीही हात धुतले आणि पानावर बसलो.