शेवटचे चार हात

आमचे शेजारी माधवराव पेशकार रोज सकाळी शेरवानी घालून, रूमी टोपी चढवून, कचेरीला निघण्यापूर्वी अंगणात पालथे पडत. गाल जमिनीला, एक डोळा मिटलेला. नव्या गवळ्याने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो धावत आमच्याकडे आला. "मालक, शेजारचे साहेब गेले वाटतं!"

"गेले नाहीत," मी म्हटलं. "गोल्फ खेळताहेत."

हा छावणीतल्या गोऱ्या अंमलदारांचा खेळ. काठीने चेंडू टोलवत मैलोन्मैल चालायचं आणि अखेर, पोरं गोट्यांसाठी करतात तशा गलीत तो घालायचा. आमचे तालुकदारसाहेब तिथे खेळायला जात आणि पेशकार म्हणून सह्यांचे कागद घेऊन माधवराव त्यांच्या मागोमाग. पाहून पाहून हेही शिकले. लांबचा टोला मात्र त्यांनी एकदाच मारून पाहिला. चेंडू जागेवर राहिला आणि पायातला जोडा उडाला. तेव्हापासून त्यांचं मत पक्कं झालं. "लांब काय, कुणीही मारेल हो! खरी मेख शेवटच्या चार हातांत. तिथं घाई नाही, इत्मिनान लागतो, इत्मिनान!"

त्या चार हातांसाठी सुताराकडून चपट्या तोंडाची शिसवी काठी करवून घेतली. अंगणात गल खणली. माझ्या मुलीच्या लग्नात पंगतीला बसले, तर पानावरचा लाडू कोणत्या बाजूला घरंगळेल ते शेजाऱ्यांना सांगत राहिले. वरणभात निवला. पलीकडचे हिमरूच्या शाली विणणारे जब्बारभाई भिंतीवरून रोज विचारत, "क्या पेशकारसाब, जमीन के अंदर से कुछ आवाज आई?"

अशात त्यांची पिशोर गावी बदली निघाली. पगार तोच, घरभाडं निम्मं. मी सगळं मांडून दाखवलं, बदली फायद्याचीच होती. "तुमचा हिशेब बिनचूक आहे," ते म्हणाले आणि पुन्हा पालथे झाले. गुलमंडीच्या चौकातलं पान सुटत नाही, दुसरं काय, असं मी घरी येऊन सांगितलं.

माधवरावांनी साहेबांना गळ घातली. साहेब खुशीत होते. हसून म्हणाले, "शेवटच्या टोल्यात हमें हराओ, हुक्म फाड़ देंगे।"

झालं! माधवरावांची तपश्चर्या वाढली. आणि खरं सांगायचं तर चेंडू गलीत पडूही लागला. एक वीत डावीकडे मारायचे. चेंडू शहाण्या वासरासारखा वळायचा आणि आत.

रविवारी मी आणि जब्बारभाई तमाशा बघायला छावणीत गेलो. तिथे हिरवळ जगत नाही म्हणून गलीभोवती तेल पाजलेली वाळू दाबून बसवलेली. साहेबांनी चेंडू आत घातला. माधवराव शेरवानीसकट पालथे पडले. साहेबांचा चपरासी तोंडाला रुमाल लावून झाडाआड गेला. मग उठून त्यांनी एक वीत डावीकडे चेंडू मारला. तो डावीकडेच गेला. माधवराव तो वळायची वाट पाहत उभे.

"पेशकार," साहेब म्हणाले, "गेंद है, चपरासी नहीं. घंटी बजाने से नहीं आएगी।"

दुसरा चेंडू, तिसरा चेंडू, तीच गत. हुकूम कायम राहिला.

"असं कसं झालं?" मी घरी विचारलं, तेव्हा आमच्या मंडळींनी कपाळाला हात लावला. "अहो, पेशकारवहिनी सारवताना गलीभोवती शेणाचा थर देऊन उतार करत होत्या! चेंडू चुकला की माधवराव जेवत नाहीत म्हणून. वहिनींना स्वतःला दिसतंय कुठं? डोळे जवळजवळ गेलेत. चेंडू आत पडल्याचा आवाज आला की चुलीपाशी हसायच्या."

माधवराव एकटेच पिशोरला गेले. वहिनींना नंतर नेणार होते. महिन्याभराने तूर घ्यायला मी तिकडच्या बाजारात गेलो, तेव्हा त्यांच्या बिऱ्हाडी डोकावलो. दार उघडंच होतं. आत माधवराव डोळ्यांवर उपरणं बांधून, एक हात पुढे धरून, उंबऱ्यापासून चुलीकडे चालले होते. चूल ओल्या मातीची, नुकतीच घातलेली. तिथून रांजणाकडे वळले आणि मोरीच्या कठड्यावर नडगी आपटून मटकन खाली बसले.

"कोण?"

"मी. हे काय चाललंय?"

त्यांनी उपरणं सोडलं नाही. नडगी चोळत म्हणाले, "बाकी सगळं तिकडच्यासारखं जमलंय हो. खुंट्या, फडताळ, रांजण. ही मोरीच तेवढी पुढं आलीय. तिकडं तुमची वहिनी भिंतीला हातसुद्धा लावत नाही, इतकी सरसर फिरते. इथं पडली, तर मग एका कोपऱ्यात बसून राहील. उद्या गवंडी येतोय. किती मागं घ्यायची, तेवढं सांगायचंय त्याला."

शेजारी सुतळीचा गुंडा पडला होता. मी पिशवी खाली ठेवली आणि एक टोक धरून भिंतीशी जाऊन उभा राहिलो.